रॉस पेरो : उठून जाणाऱ्या माणसाची उमेदवारी

धागा : नोंदवही

अमेरिकेच्या राजकारणात अपक्षाला जागा नसते, असे आपण सहज म्हणून जातो. १९९२ साली मात्र टेक्सासमधील एका उद्योजकाला अध्यक्षपदासाठी १ कोटी ९७ लाख मतदारांनी मत दिले, म्हणजे झालेल्या मतदानाच्या १८.९ टक्के, आणि एवढी मते पडूनही राज्यवार निकालांवरून अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात त्याच्या वाट्याला शून्य आले. रॉस पेरो यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, ते बहुधा याच शून्यापाशी थांबते. मला त्यांची उद्योगातील कारकीर्द आणि त्यांची उमेदवारी एकत्र ठेवून पाहायची आहे, कारण माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आलेल्या आहेत. जिथे आपल्या म्हणण्याप्रमाणे काम होत नाही तिथून उठायचे आणि उठताना पदरात काहीतरी पाडून घ्यायचे, ही त्यांची जन्मभराची रीत होती. उद्योगात ती रीत त्यांना फळली, राजकारणात नडली.

पेरो यांचा जन्म २७ जून १९३० रोजी टेक्सास आणि आर्कान्सा या राज्यांच्या सीमेवरील टेक्सारकाना गावी झाला. वडील कापसाचे व्यापारी होते. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९५३ साली पदवी घेऊन त्यांनी चार वर्षे नौदलात काढली आणि १९५७ मध्ये डॅलसला आयबीएमचे विक्रेते म्हणून नोकरी धरली. १९६२ साली त्यांनी वर्षभराचा कोटा जानेवारी संपण्यापूर्वीच पूर्ण केला. कमिशनला वरची मर्यादा असल्यामुळे उरलेले अकरा महिने त्यांनी कितीही यंत्रे विकली असती, तरी त्यांच्या मिळकतीत भर पडणार नव्हती. त्याच सुमारास त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती. कंपन्या लाखो डॉलर मोजून संगणक घेतात, पण तो चालवायचा कसा हे त्यांना कळत नाही, आणि रात्री तर तो नुसता बंद पडून असतो. यंत्राबरोबर ते चालवण्याची सेवाही विकावी, ही सूचना आयबीएमने मनावर घेतली नाही. पेरो यांनी राजीनामा दिला आणि बत्तिसाव्या वाढदिवशी, पत्नीकडून घेतलेल्या १,००० डॉलरच्या भांडवलावर, इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स म्हणजेच ईडीएस ही कंपनी काढली. स्वतःचा संगणक घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून डॅलसमधील एका विमा कंपनीच्या संगणकाचा रिकामा वेळ घाऊक भावात घेऊन तो इतरांना विकण्यापासून सुरुवात झाली.

पुढची वाढ झपाट्याने झाली. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे कायदे झाले, दाव्यांच्या कागदांचे ढीग साचू लागले, आणि ते ढीग संगणकावर उपसण्याचे काम ईडीएसने अंगावर घेतले. सप्टेंबर १९६८ मध्ये कंपनीचा समभाग १६.५० डॉलरला बाजारात आला आणि दोन वर्षांच्या आत त्याने १६० डॉलरची पातळी गाठली. पाठोपाठ २२ एप्रिल १९७० या एकाच दिवशी पेरो यांच्या संपत्तीतून, अर्थात कागदोपत्री, सुमारे ४५ कोटी डॉलर उडाले. वॉल स्ट्रीटवरील एक बुडती दलाली पेढी सावरण्याचा उद्योगही त्यांनी त्या दशकात केला. ती १९७४ साली बुडालीच.

या कारकिर्दीतला सर्वांत बोलका अध्याय जनरल मोटर्सचा आहे. १९८४ मध्ये जनरल मोटर्सने ईडीएस अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली आणि पेरो त्या अवाढव्य कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. अध्यक्ष रॉजर स्मिथ यांच्याशी त्यांचे पहिल्यापासून जमले नाही. ईडीएसमध्ये साप दिसला की पाहणारा तो मारतो, जनरल मोटर्समध्ये मात्र सापांविषयी समिती नेमली जाते, अशा आशयाचे बोल ते जाहीरपणे सुनावू लागले. डिसेंबर १९८६ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ७० कोटी डॉलर मोजून त्यांचे समभाग परत घेतले आणि त्यांना वाटेला लावले. १९८८ मध्ये त्यांनी पेरो सिस्टिम्स ही नवी कंपनी उभी केली. आयबीएममधून उठले तेव्हा धंदा मिळाला, जनरल मोटर्समधून उठले तेव्हा पैसा.

आता राजकारण. २० फेब्रुवारी १९९२ रोजी लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, बरेच आढेवेढे घेतल्यानंतर, ते म्हणाले की लोकांनी आपणहून पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकांवर माझे नाव आणले तर मी उभा राहीन. फोनची रीघ लागली. जूनमध्ये गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत पेरो ३९ टक्के, विद्यमान अध्यक्ष, रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश ३१ आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन २५ टक्के असे चित्र होते. मोहिमेसाठी एड रोलिन्स आणि हॅमिल्टन जॉर्डन हे दोन पक्षांतले दोन मुरब्बी व्यवस्थापक नेमले गेले, परंतु पेरो त्यांचे ऐकेनात, आणि १५ जुलैला रोलिन्स बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी स्वतः पेरो यांनी माघार जाहीर केली. रस्त्यावर टेबले टाकून सह्या जमवणाऱ्या स्वयंसेवकांना ही बातमी इतरांसारखीच दूरचित्रवाणीवरून समजली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि मला तोच भाग सर्वांत रंजक वाटतो. उमेदवार शर्यतीत नाही, पण त्याचे धोरणविषयक पुस्तक ऑगस्टमध्ये दुकानात येते आणि तडाखेबंद खपते. 'युनायटेड वी स्टँड' हे त्याचे नाव. त्यामागची अर्थसंकल्पी आखणी प्रामुख्याने अर्थतज्ज्ञ जॉन व्हाइट यांची होती. राष्ट्रीय कर्ज ४ लाख कोटी डॉलरवर आणि त्या वर्षाची तूट सुमारे २९,००० कोटी डॉलरवर गेली असताना, पाच वर्षांत तूट संपवायची असेल तर काय करावे लागेल, हे त्यात आडपडदा न ठेवता सांगितले होते. पेट्रोलवरील कर दरवर्षी गॅलनमागे १० सेंट असा पाच वर्षांत ५० सेंटने वाढवणे, सधन निवृत्तांच्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाचा अधिक हिस्सा करपात्र करणे, आयकराचा वरचा दर ३१ वरून ३३ टक्क्यांवर नेणे, अशी ती कडू औषधे होती. मते मागायला निघालेला माणूस सहसा असे लिहीत नाही. १ ऑक्टोबरला पेरो पुन्हा रिंगणात उतरले, तेव्हा हेच पुस्तक तक्त्यांच्या रूपाने पडद्यावर आले.

आपली मते वाचायला आवडतील. विशेषतः, जुलैत माघार घेतली नसती तर काय झाले असते, याविषयी.

---

सांजवारा

लेख आवडला. १९९२ च्या वसंतात मी टेक्सासमध्ये विद्यार्थी होतो, म्हणून एक डोळ्यांदेखतची गोष्ट सांगतो. आमच्या वसतिगृहाजवळच्या बाजाराच्या दाराशी घडीचे टेबल, दोन खुर्च्या आणि हाताने रंगवलेला एक पुठ्ठा घेऊन एक आजी आणि एक तरुण रोज संध्याकाळी बसत. सही करा, असे ते आधी म्हणतच नसत. त्यांचा पहिला प्रश्न असे : मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) आपण मत दिले का? दिले असेल तर ते हसून आभार मानत आणि पुढच्याकडे वळत. टेक्सासच्या कायद्याने, ज्याने कोणत्याही पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत दिले आहे त्याला अपक्षाच्या अर्जावर सही करता येत नाही. शिवाय सह्या गोळा करायला प्राथमिक निवडणुकीनंतरचे जेमतेम दोन महिने मिळतात, आणि त्यात त्या वर्षी ५४ हजारांहून अधिक वैध सह्या लागत होत्या. पेरो यांच्या लोकांनी त्याच्या कितीतरी पट जमवल्या.

मी नागरिक नसल्यामुळे माझ्या सहीला काडीची किंमत नव्हती, तरीही त्या आजींनी मला बसवून तुटीचा हिशेब समजावला होता. १६ जुलैनंतर ते टेबल दिसले नाही. पुठ्ठा मात्र बरेच दिवस कचरापेटीशेजारी भिंतीला टेकवलेला होता. 'राजकारणात नडली' हे आपले दोन शब्द वाचताना मला तो पुठ्ठा आठवला.

---

जुना विक्रेता

मी आयुष्यभर विक्री केली, तेव्हा या माणसाकडे मी त्याच नजरेने पाहतो. धागाकर्त्यांनी तक्त्यांना एका वाक्यात उरकले, ते मला पटले नाही.

६ ऑक्टोबर १९९२ रोजी सीबीएस वाहिनीवर पेरो यांनी अर्ध्या तासाचा वेळ रोख पैसे मोजून विकत घेतला. जाहिरात म्हणावी तर त्यात गाणे नाही, झेंडा नाही, कुटुंब नाही. मेजामागे बसलेला, बारीक कापलेल्या केसांचा, मोठ्या कानांचा एक माणूस, हातात धातूची काडी, आणि मेजावर पुठ्ठ्याचे तक्ते. एक झाला की तो बाजूला सारायचा आणि दुसरा उभा करायचा. दीड कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले. प्रचार सल्लागारांनी हे वेडेपणाचे ठरवले होते, पण आयबीएमचा विक्रेता ग्राहकाच्या कार्यालयात नेमके हेच करत असे : आधी त्याला त्याचा तोटा दाखवायचा, तो त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, आणि मगच आपल्या मालाकडे वळायचे. पेरो यांनी देशाला त्याचा तोटा विकला. आपला माल विकण्याची वेळ आली तेव्हा दुकान दोन महिने बंद होते, हीच काय ती चूक.

११ ऑक्टोबरच्या पहिल्या वादविवादात बुश यांनी अनुभवाचा मुद्दा काढला, तेव्हा चार लाख कोटींचे कर्ज करून ठेवण्याचा अनुभव मला नाही हे खरे, असे उत्तर पेरो यांनी दिले. सभागृहात हशा पिकला. असे उत्तर पाठ करून येत नाही. ग्राहकाच्या आक्षेपाला आक्षेप न मानता विक्रीचा मुद्दा करण्याची ती सवय आहे, आणि ती उन्हातान्हात दारे ठोठावूनच अंगी बाणते.

---

तिरकस

विक्रीकलेचे कौतुक पुरे झाले असेल तर एक अवघड प्रश्न विचारतो. सरकारी खर्चाविरुद्ध काडी उगारणाऱ्या या गृहस्थांची पहिली मोठी कमाई कुठून आली? मेडिकेअर आणि मेडिकेडच्या दाव्यांतून, म्हणजे सरकारच्याच तिजोरीतून. ही टीका १९७० च्या दशकापासून त्यांच्यावर होत आली आहे आणि ती निराधार नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्यातला हा प्रकार वाटतो.

दुसरे असे की कंपनी चालवण्याच्या पद्धतीने त्यांनी माणसे चालवायला घेतली. ईडीएसमध्ये गडद सूट आणि पांढरा सदरा सक्तीचा, दाढी ठेवण्यास मनाई. मोहिमेतल्या स्वयंसेवकांकडूनही निष्ठेच्या शपथेवर सह्या मागितल्या गेल्या. ज्याने फुकट काम करायचे त्याच्याकडून निष्ठा लिहून घ्यायची, हा कुठला लोकशाहीचा प्रयोग? ११ जुलैला कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेपुढे भाषण करताना श्रोत्यांना त्यांनी 'तुम्ही लोक' म्हणून संबोधले आणि त्यात काय चुकले हे त्यांना कळलेच नाही, ही गोष्टही धाग्यात यायला हवी होती.

---

नोंदवही

तिरकस, दोन्ही मुद्दे मान्य, आणि भाषणाचा प्रसंग माझ्याकडून राहून गेला हेही मान्य. माघारीची कारणे त्यांनी दोनदा दोन दिली, ही भर मीच घालतो. जुलैत ते म्हणाले की डेमोक्रॅटिक पक्षात पुन्हा जीव आला आहे, आणि तिरंगी लढतीत कोणालाच बहुमत न मिळाल्यास निवड संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे जाईल, ते मला नको आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र दूरचित्रवाणीवर त्यांनी सांगितले की मुलीच्या लग्नात विघ्न आणण्याचा रिपब्लिकन कट शिजत होता, म्हणून मी हटलो. पुरावा त्यांनी कधीच दिला नाही. नुकत्याच वर चढू लागलेल्या उमेदवाराचा पाय त्या मुलाखतीने पुन्हा घसरला, असे माझे मत आहे.

मेडिकेअरविषयी एवढेच म्हणेन की खर्चाची यंत्रणा आतून पाहिलेल्या माणसाला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार कमी नसतो, फक्त त्याने ती कमाई लपवू नये.

---

गणिती

बुश हरले ते पेरो यांनी मते खाल्ल्यामुळे, हे विधान येथे अजून कोणी केलेले नाही याचा आनंद आहे, पण ते येणार हे निश्चित, म्हणून आधीच लिहून ठेवतो. क्लिंटन यांना ४३ टक्के, बुश यांना ३७.४ टक्के मते पडली. मतदान करून बाहेर आलेल्यांच्या पाहणीत, पेरो नसते तर कोणाला मत दिले असते, असे विचारले गेले. पेरो यांचे मतदार दोन्ही बाजूंना जवळपास समसमान विभागले गेले आणि उरलेले मतदानालाच आलो नसतो म्हणाले. या पाहणीवरून पेरो यांच्यामुळे निकाल फिरला असे सिद्ध होत नाही. त्यांच्या टीकेचा रोख सर्वाधिक बुश यांच्यावर होता आणि त्याचा परिणाम मोजता येत नाही, एवढी सूट मी देईन.

तुटीबाबतही हिशेब नीट मांडू. ऑगस्ट १९९३ मध्ये क्लिंटन यांचा अर्थसंकल्पी कायदा प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ आणि सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० असा कसाबसा संमत झाला. पेरो यांनी पेट्रोलवर ५० सेंट सुचवले होते. कायद्यात बसले ४.३ सेंट. निवृत्तिवेतनाचा करपात्र हिस्सा मात्र सधनांसाठी ८५ टक्क्यांपर्यंत नेला गेला. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे अंदाजपत्रकात शिल्लक राहिली. तिचे श्रेय १९९० च्या खर्चमर्यादांना, १९९३ च्या करांना आणि भरभराटीच्या बाजाराला आहे. त्यातील खर्चमर्यादांचा १९९० चा अर्थसंकल्पी करार, ज्याच्यापायी बुश यांनी नवे कर लादणार नाही हा आपला शब्द मोडला, तो पेरो यांच्या आधीचा आहे.

---

पानगळ

पेरो यांच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी उभे असलेल्या स्टॉकडेल यांचा कोणी उल्लेख केला नाही! व्हाइस अॅडमिरल जेम्स स्टॉकडेल हे व्हिएतनाम युद्धात हनोईच्या तुरुंगात सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते, मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च लष्करी सन्मानाचे मानकरी होते, आणि युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी पेरो यांनी १९६९ पासून जी खटपट केली तिच्यातून ही ओळख झाली होती. काही राज्यांच्या नियमांसाठी उपाध्यक्षपदाला कोणाचे तरी नाव हवे, म्हणून मार्चमध्ये त्यांचे तात्पुरते नाव दिले गेले आणि ते बदलायचे राहूनच गेले. १३ ऑक्टोबरच्या वादविवादात उभे राहायचे आहे हे त्यांना जेमतेम आठवडाभर आधी कळले. मी कोण आहे, मी येथे का आलो आहे, हे त्यांचे सुरुवातीचे शब्द देशभर थट्टेचा विषय झाले. एका तत्त्वचिंतक माणसाची अशी शोभा व्हावी, याला पेरो यांची बेफिकिरी कारण होती. जनरल मोटर्सच्या समित्यांवर हसणाऱ्या गृहस्थांनी येथे एखादी समिती नेमली असती तर बरे झाले असते.

---

जुना विक्रेता

पानगळ यांच्या शेवटच्या वाक्याला दाद.

नाफ्ता, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापार करार, याविषयी थोडे. करार झाला तर दक्षिणेकडे नोकऱ्या शोषल्या जाण्याचा प्रचंड आवाज ऐकू येईल, हे पेरो यांचे १५ ऑक्टोबर १९९२ चे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ पॅट चोट यांच्यासह त्यांनी कराराविरुद्ध पुस्तकही काढले. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी लॅरी किंग यांच्याच मेजावर उपाध्यक्ष अल गोर समोर आले. गोर यांनी १९३० च्या संरक्षक जकातीचे जनक स्मूट आणि हॉली यांचे चौकटीत बसवलेले छायाचित्र पेरो यांच्या हाती ठेवले, आणि पेरो यांनी ते मेजावर उपडे घातले. एका वर्षापूर्वी चित्रे दाखवून देशाला जिंकणारा माणूस दुसऱ्याच्या चित्रापुढे चिडला. सौद्यात जो चिडतो तो गेला. आठवडाभरात प्रतिनिधिगृहाने करार २३४ विरुद्ध २०० मतांनी संमत केला.

---

सांजवारा

जुलैत माघार घेतली नसती तर काय, या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. धागाकर्त्यांनीच घालावा. मेन राज्यात ते दुसरे आले होते, असे वाचल्याचे स्मरते.

---

नोंदवही

मेनमध्ये आणि युटामध्ये. युटात ते क्लिंटन यांच्या पुढे होते, मेनमध्ये बुश यांच्या. आणि बुश कुटुंबाचे उन्हाळी घर मेनमधल्याच केनेबंकपोर्टला आहे. तेथे पेरो यांना ३० टक्क्यांहून अधिक मते पडली आणि बुश यांना मागे टाकणारा फरक अवघा ३१६ मतांचा होता. मेन आपली निर्वाचक मते काही प्रमाणात मतदारसंघवार वाटते, त्यामुळे पेरो यांना एखादे मत मिळण्याची शक्यता कुठे असेल तर तेथेच होती. जुलैतली माघार नसती तर ते एक मत त्यांच्या पदरात पडले असते, असे मला वाटते. त्याहून मोठा दावा करण्याची माझी तयारी नाही, कारण ३९ टक्क्यांचा तो आकडा प्रश्न विचारले जाण्याआधीचा होता.

१९९५ मध्ये त्यांनी रिफॉर्म पार्टी काढली. १९९६ साली कोलोराडोचे माजी गव्हर्नर रिचर्ड लॅम यांनी त्याच पक्षाची उमेदवारी मागितली तेव्हा पेरो स्वतःही उतरले आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. मतपत्रिकाच मिळाल्या नाहीत, अशी तक्रार त्या वेळी झाली. निवडून येण्याची वास्तव शक्यता नाही, या कारणाने वादविवाद आयोगाने त्यांना बाहेर ठेवले आणि मते ८.४ टक्क्यांवर आली. २००९ मध्ये पेरो सिस्टिम्स ३.९ अब्ज डॉलरना डेलकडे गेली. ९ जुलै २०१९ रोजी डॅलसमध्ये पेरो यांचे निधन झाले.

मेनचा विषय निघालाच आहे तर तिथल्या आणखी एका माणसाचे नाव घेतो. लुइस्टन शहरातील विमा व्यावसायिक जेम्स लॉन्गली यांना गव्हर्नरांनी राज्य कारभारातील उधळपट्टी शोधायला सांगितले होते. त्यांच्या अहवालातील सूचनांवर पुरेसे काही होत नाही, हे पाहून १९७४ मध्ये ते स्वतःच गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. विधिमंडळात त्यांचा एकही आमदार नव्हता, आणि तेथे त्यांचे बऱ्याचदा खटके उडाले. तरी ते अधेमधे उठून गेले नाहीत. एकच कार्यकाळ करीन असे त्यांनी आधीच सांगितले होते. तो पुरा करून जानेवारी १९७९ मध्ये ते पायउतार झाले.